मुक्कामाचा आठवा दिवस

प्रेमचंदने बेडूक कापला नाही, म्हणून मी वर्गात पहिला आलो.

पुण्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसत असू. मी धुळ्याचा, तो सावद्याच्या ओसवाल कापडवाल्याचा मुलगा. दोघेही खानदेशचे म्हणून खोली एकच घेतली होती. इंटरपर्यंत प्रत्येक चाचणीत पहिला नंबर त्याचा आणि दुसरा माझा. मग एके दिवशी प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मेणाच्या तबकांत बेशुद्ध केलेले बेडूक आमच्यापुढे आले. मी कात्री उचलली. प्रेमचंद बेडकाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, हा अजून श्वास घेतोय. घशाची कातडी मिनिटाला किती वेळा हलते ते मी मोजून देतो. पण कापणार नाही."

"मग घरी जाऊन कापडच कापा," सर म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो.

तो खरोखरच घरी गेला. मी पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालो आणि भुसावळच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवू लागलो. कोणी माझ्या पहिल्या नंबराचे कौतुक केले की मला तो बेडकाचा घसा आठवे. माझाही बेडूक श्वास घेत असणार. ते माझ्या लक्षातच आले नव्हते.

१९३४ च्या जुलैत प्रेमचंदचे कार्ड आले. "आईच्या कीड्यांवर धाड पडली आहे. तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात? रविवारी ये."

कीडी म्हणजे त्यांच्या मारवाडी बोलीत मुंगी. प्रेमचंदची आई हीराबाई रोज सकाळी चहाआधी गावाबाहेरच्या आपल्या केळीच्या बागेत जात. तिथे निंबाखाली काळ्या मुंग्यांची सात-आठ वारुळे होती. पिठात साखर मिसळून त्या ते चिमूट चिमूट प्रत्येक वारुळाच्या तोंडाशी घालत. याला त्या कीडीनगरा म्हणत. कोणाचा उपास असो, कोणाचे लग्न असो, हे चुकत नसे.

मी आठ जुलैच्या रविवारी पोहोचलो तेव्हा हीराबाई पिठाची वाटी हातात घेऊन नुसत्याच उभ्या होत्या.

"बघ बेटा, कोण मेल्या आल्यात त्या," त्या म्हणाल्या आणि लगेच जीभ चावून दोन्ही गालांना हात लावला. "मेल्या नाही म्हणायचं. पण बघ तरी."

केळीच्या ओळीतून तपकिरी रंगाची एक दोरी सरपटत आली होती. जवळून पाहिले तर ती मुंग्यांची रांग होती. एकेक मुंगी गव्हाच्या दाण्याच्या निम्मी. त्या काळ्या मुंग्यांच्या वारुळात शिरत आणि त्यांची पांढरी अंडी-अळ्या पोटाखाली अडकवून बाहेर येत. काळ्या मुंग्या त्यांच्यापेक्षा दुपटीने मोठ्या होत्या, तरी त्या गवताच्या पात्यांवर चढून बसल्या होत्या, तोंडात एखादी वाचवलेली अळी धरून.

मी भिंग काढले. माझ्या अंगात एकदम उत्साह संचारला, कारण मला उत्तर येत होते आणि प्रेमचंदला येत नव्हते.

"या लष्करी मुंग्या," मी म्हणालो. "डोळे नाहीतच, हे बघ. पूर्ण आंधळ्या. कमरेला दोन गाठी. मिशीचे भाग मोज, दहा भरतील. आपल्याकडे यांचे दोन मोठे प्रकार. एक जमिनीखालून चालतो, तो भुईमुगाच्या शेंगा पोखरतो. दुसरा हा, एनिक्टस. हा वरून चालतो आणि दुसऱ्या मुंग्यांच्या पिल्लांवर जगतो. यांना कायमचं घर नसतं. या कुळातला नर तर इतका वेगळा दिसतो, पंखवाला, गांधीलमाशीसारखा, की शास्त्रज्ञांनी आधी त्याला वेगळाच कीटक समजून वेगळं नाव देऊन टाकलं होतं."

"आंधळ्या आहेत तर रांग कशी धरतात?"

मी रांगेच्या वाटेवरून बोट घासले. मागून येणाऱ्या मुंग्या तिथेच थबकल्या, जणू दरड कोसळली होती. "वासावर," मी म्हणालो. ते मला फार छान साधले असे वाटले.

प्रेमचंदने मान डोलावली आणि विचारले, "पुन्हा कधी येतील?"

"म्हणजे?"

"मी यांना मारणार नाही. आईच्या कीड्याही मरू नयेत. आधी कळलं तर निंबाभोवती राखेची रेघ ओढता येईल, दोन दिवस पीठ दुसरीकडे घालता येईल. म्हणून विचारतो. कधी येतील?"

"भक्ष्य संपलं की पुढे जातात. त्यांना काय वेळापत्रक असतं?"

हीराबाई म्हणाल्या, "तू तर बी.एस्सी. झालास बेटा. तुला पण नाही कळत?"

मी वीस मुंग्या चिमट्याने उचलून स्पिरिटच्या नळीत टाकल्या. प्रेमचंदने तोंड फिरवले नाही. त्याने फक्त रांग कुठून आली तिकडे चालायला सुरुवात केली.

पुढच्या रविवारी मी गेलो तर बागेत बांबूच्या खुंट्या दिसल्या. प्रत्येकीवर कोळशाने आकडा. एक नंबर बांधावर, दोन नंबर पाटाच्या कडेला, तीन पपईच्या झाडाशी.

"या त्यांच्या मुक्कामाच्या जागा," प्रेमचंद म्हणाला. "रोज दुपारनंतर सगळा संसार उचलून नवीन जागी जातात. मी रोज खुंटी ठोकतो."

त्याच्याकडे एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर येणाऱ्या जाड कागदाची. त्यात बागेचा नकाशा होता, पावलांनी मोजलेला. प्रत्येक मुक्काम, निघायची वेळ, पोहोचायची वेळ, आभाळ कसे होते, अळ्या केवढ्या होत्या. अक्षर कापडाची घडी घालावी तसे नीट. मी पाने उलटत गेलो. मी त्या आठवड्यात शाळेच्या वह्या तपासल्या होत्या.

"छंद चांगला आहे," मी म्हणालो.

बागेचा राखणदार सुपडू पाटाचे पाणी वळवत होता. म्हातारा माणूस, कधी धावपळ करायचा नाही. फावडे टेकून तो रांगेजवळ उकिडवा बसला. पांढऱ्या अळ्या पोटाखाली घेतलेल्या हजारो मुंग्या त्याच्या पायाशेजारून चालल्या होत्या.

"हे तं वऱ्हाड चाललं बापा," तो म्हणाला. "सामानसुमान घेऊन. येवढं वऱ्हाड हाय तं नवरी बी असंन कुठी तरी. काहो मास्तर, तुमी येवढी बुकं वाचली, नवरी नाई दिसली?"

प्रेमचंद हसला. मला हसू आले नाही. कारण नेमके तेच मला कलकत्त्याहून विचारले गेले होते. नळीतल्या मुंग्या मी तिथल्या संग्रहालयातल्या एका तज्ज्ञांकडे आठ जुलैलाच पाठवल्या होत्या आणि त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले होते: "कामकरी मुंग्या नेहमीच्या. राणी मिळाल्यास अवश्य पाठवा. या जातीची राणी आमच्या संग्रहात नाही." ते पत्र माझ्या खिशात होते. मी ते प्रेमचंदला दाखवले, आणि दाखवल्यावर वाटले की दाखवायला नको होते.

बावीस जुलैला रांग दिसली नाही. मी बाग फिरलो, निंबाखाली पाहिले, पाटावर पाहिले. "गेल्या," मी म्हणालो. "म्हटलं होतं ना तुला. संपलं भक्ष्य, गेल्या."

प्रेमचंद मला विहिरीमागच्या दगडांच्या ढिगाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "कान लाव." मी कान लावला. काही ऐकू आले नाही. "नाक लाव," तो म्हणाला. दगडांच्या फटीतून कुजलेल्या मांसासारखा हलका वास येत होता. "आत आहेत. काल शेवटचा मुक्काम केला. आज हलल्या नाहीत. बघू किती बसतात."

त्या अठ्ठावीस दिवस बसल्या. अधूनमधून एखादी बारीक रांग बाहेर येई आणि परत जाई. प्रेमचंदने रोज सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवले. एकोणीस ऑगस्टच्या रविवारी मी बागेत असतानाच दगडांतून रांग बाहेर पडली. आधी फिकट रंगाच्या, नुकत्याच कोषातून निघालेल्या कोवळ्या मुंग्या, मग जुन्या, मग पांढऱ्या बारीक अळ्यांचे ओझे. प्रेमचंदने हातातली खुंटी खाली टाकली आणि लहान मुलासारखा ओरडला, "आई! आल्या! राख आण!"

हीराबाई राखेचे टोपले घेऊन धावत आल्या. रेघ ओढली गेली. त्या दिवशी निंबाखालची एकही अळी गेली नाही. हीराबाईंनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "हा शिकला असता तर काय झाला असता रे?"

मी सुपारी चघळत होतो. ती एकदम कडू लागली.

पुढे चौदा दिवस मुक्काम रोज बदलला आणि दोन सप्टेंबरला त्या पुन्हा बसल्या, पुन्हा त्याच विहिरीमागच्या दगडांत. त्या रविवारी प्रेमचंदने वही माझ्यापुढे उघडली.

"शालिग्राम, हे चूक असेल तर सांग. मी जुलैत पाहायला लागलो तेव्हा त्या आधीच चालत होत्या, म्हणून ती पहिली चाल धरू नको. मग अठ्ठावीस दिवस मुक्काम. मग चौदा दिवस चाल. आता पुन्हा मुक्काम. हाही अठ्ठावीसच भरला, तर तीस सप्टेंबरला उठतील. एकदा झालं तर योगायोग. दोनदा झालं तर?"

"दोनदा झालं तर नियम म्हणता येईल," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

"मग हे तू मागवतोस त्या मुंबईच्या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकाला पाठव. मला इंग्रजी तेवढं नीट येत नाही."

"तुझ्याच नावाने पाठवू."

"बघू. पण एक कर. तीस तारखेपर्यंत दगडांना हात लावू नकोस. राणी आत असणार, मला माहीत आहे. ती तुला हवी आहे हेही माहीत आहे. तीस झाल्यावर बोलू."

"नाही लावणार," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडून पाहिला. जगात कोणी या मुंग्यांच्या चालीला तारखा लावल्या आहेत का? माझ्या वाचनात नव्हते. इंटरला कॉलेज सोडलेला, दुकानात गज घेऊन बसणारा माणूस ते करणार होता, आणि त्याचे इंग्रजी मी सुधारून देणार होतो. नियतकालिकात तळटीप येईल: भाषांतर, शा. पाटील, बी.एस्सी. मला ती तळटीप छापलेल्या अक्षरांत दिसली. भुसावळ आले तेव्हा उतरायचे मला भान राहिले नाही; शेजारच्या माणसाने हलवले.

नऊ सप्टेंबरला, रविवारी, मी नेहमीच्याच गाडीने सावद्याला गेलो. जैनांचे पर्युषण चालू होते हे मला माहीत होते. त्या आठ दिवसांत प्रेमचंदच्या घरचे सगळे सकाळी उपाश्रयात व्याख्यानाला बसत. जमिनीत कुदळ घालायची नाही, झाड तोडायचे नाही, म्हणून सुपडूलाही सुट्टी असे. बागेत कोणी नसणार हे मला माहीत होते. पिशवीत खुरपी होती, नळी होती, स्पिरिट होते. पिशवीत खुरपी चुकून येत नाही.

मी चार दगड हलवले. तिसऱ्याच्या खाली पोकळीत मुठीएवढा गोळा लोंबकळत होता. निव्वळ मुंग्यांचा, एकमेकींच्या पायांत पाय अडकवून केलेला. त्यांच्या अंगांचीच भिंत, अंगांचेच छप्पर. खुरपीने गोळा फोडला. कोष बाहेर सांडले, तांदळाच्या कण्यांसारखे. मुंग्या मनगटावर चढल्या, डसल्या. मी एका हाताने झटकत दुसऱ्या हाताने शोधत राहिलो. आणि मग ती दिसली. डोके कामकऱ्यांसारखेच आंधळे आणि लहान, आणि मागे ताणलेले पिवळसर पोट, अख्ख्या तांदळाच्या दाण्याएवढे, पट्ट्या पट्ट्यांच्या मधली कातडी पारदर्शक झालेली. ती चालू शकत नव्हती. दहा-बाराजणी तिला ओढत आत नेत होत्या. मी चिमटा लावला.

नळीत ती किती वेळ हलत होती ते मी मोजले नाही. दगड परत रचले. मातीवर पाय फिरवला. स्टेशनकडे जाताना स्वतःला सांगितले की मधमाश्या राणी गेली की दुसरी वाढवतात, मुंग्याही वाढवतील. हे मी कुठे वाचलेले नव्हते. मधमाश्यांबद्दल वाचले होते.

रात्रीपर्यंत चिठ्ठी लिहून झाली. पेन्सिलने, कारण स्पिरिटमध्ये शाई उतरते. एनिक्टस, राणी. सावदा, पूर्व खानदेश. ९-९-१९३४. संग्राहक: शा. पाटील. ती चिठ्ठी नळीत घातली आणि नळी पुस्तकांच्या मागे ठेवली. लगेच पाठवली मात्र नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही. रोज संध्याकाळी पुस्तके बाजूला करून मी तिच्याकडे पाहत असे.

चौदा तारखेला शाळेतून आलो तर प्रेमचंद खोलीच्या पायरीवर बसलेला. पांढरे धोतर, पांढरा सदरा, उपासाने गाल बसलेले.

"खमतखामणा," तो हात जोडून म्हणाला. संवत्सरी झाली की हे लोक घरोघर जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. दरवर्षी मला त्याचे कार्ड येई, छापील.

"अरे, यासाठी तू इतक्या लांब आलास?"

"कार्ड सगळ्यांना एकसारखंच जातं. यंदा तुझ्याबाबतीत एक खरी चूक आहे." तो आत येऊन खाटेवर बसला. पुस्तकांच्या रांगेपासून दीड हातावर. "चोवीस ऑगस्टला दुपारी मी राणी पाहिली. चालत्या रांगेत. तुला सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा नाही म्हणालो. मला वाटलं तुला कळलं तर तू उचलशील. मित्राबद्दल असा संशय धरला. मिच्छामि दुक्कडम्. माझी चूक खोटी ठरो."

मी काय म्हणायला हवे होते ते मला तेव्हाही कळत होते. मी म्हणालो, "चालत होती?"

"स्वतःच्या पायांनी. पोट लहान होतं तेव्हा, नीट चालता येत होतं. आजूबाजूला मुंग्यांची इतकी गर्दी की रांग तिथे हातभर रुंद झाली होती. तिच्या पाठीवर चढून चालल्या होत्या काही. ती अडखळली की सगळ्या थांबत. मी तिच्याबरोबर एक्केचाळीस पावलं चाललो, शालिग्राम. ऊन होतं. तिची सावली दिसत होती मला, एवढीशी."

मला त्या क्षणी पश्चात्ताप झाला असे लिहायला बरे वाटले असते. मला झाला तो मत्सर. माझ्याकडे ती नळीत होती, आणि ती त्याने उन्हात चालताना पाहिली होती. सावलीसकट.

"तुला काही सांगायचं आहे?" प्रेमचंदने विचारले.

"मला? नाही."

"बरं." तो उठला. "तीस तारखेला ये. अठ्ठावीस दिवस पूर्ण होतात. येशील ना?"

"येईन."

तीस सप्टेंबरला हीराबाईंनी पहाटेच निंबाभोवती राख ओढून ठेवली होती आणि पीठ बांधापलीकडच्या वारुळांना घातले होते. "आज येणार त्या," त्यांनी मला सांगितले. "प्रेमची तारीख चुकत नाही."

आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसलो. आठ वाजले, दहा वाजले. सुपडू दोनदा येऊन दगडांकडे पाहून गेला. "वऱ्हाड झोपलं काहो?" तो म्हणाला. प्रेमचंद वही मांडीवर ठेवून बसला होता. त्याने पेन्सिलही काढली नव्हती. बारा वाजता हीराबाईंनी भाकरी पाठवली. मी खाल्ली. घास गिळताना घशाचा आवाज मला ऐकू येत होता.

एक वाजता मी म्हणालो, "कदाचित योगायोगच असेल पहिल्या वेळचा. असं होतं. आपली मोजणी—"

प्रेमचंदने वही माझ्या मांडीवर ठेवली. "वाच."

मी पाने उलटली. दहा सप्टेंबर, सोमवार. "सकाळी ७. पर्युषण म्हणून फक्त पाहून आलो. तिसरा दगड उलटा बसलेला. मातीची बाजू वर. चौथा दगड आधी होता त्यापेक्षा चार बोटे उत्तरेला. दगडांपुढे कोष सांडलेले, मोजले तेव्हा सहाशेवर. आईच्या काळ्या मुंग्या ते उचलून आपल्या वारुळात नेत आहेत. आईला सांगितले नाही." अकरा सप्टेंबर. "मुंग्या रांग धरत नाहीत. दगडांभोवती फिरून त्याच जागी परत येतात. एक वर्तुळ तीन तास चालू होते." बारा. "संवत्सरी. गेलो नाही." तेरा. "मेलेल्या साधारण चारशे. जिवंत तिसऱ्या दगडाखाली, त्याच जागी, पण गोळा करत नाहीत." एकोणीस. "कोणी नाही."

कुठेही माझे नाव नव्हते. "कोणीतरी" असेही नव्हते. नुसते दगड.

"तू चौदा तारखेला आलास तेव्हा..." मी म्हणालो.

"हो."

"मग क्षमा तू का मागितलीस?"

"माझी चूक होती म्हणून. मी खोटं बोललो होतो." तो विहिरीत पाहत म्हणाला. "तुझी तू मागशील असं वाटलं. मी विचारलंही."

मी सदऱ्याच्या खिशातून नळी काढली. ती रुमालात गुंडाळलेली होती. त्या दिवशी ती का आणली होती हे मला आजही नक्की माहीत नाही. खोलीवर एकटी ठेवायला नको वाटले असेल. मी ती त्याच्यापुढे धरली. तो रागावेल, नळी विहिरीत फेकेल, असे मला वाटले. फेकली असती तर मला बरे वाटले असते.

त्याने भिंग मागितले.

तो नळी उन्हाकडे धरून फार वेळ पाहत राहिला. कॉलेजात बेडकाकडे पाहत होता तसाच. मग वहीचे कोरे पान काढले आणि पेन्सिलला टोक केले. ज्याने बेडूक कापायला नकार दिला होता, तो माझ्या राणीचे चित्र काढू लागला. डोके, मिशीचे दहा भाग, कमरेची गाठ, ताणलेल्या पोटावरच्या पट्ट्या एकामागून एक. मीही गेले तीन आठवडे रोज तिचे चित्र काढायचा प्रयत्न केला होता. एकही जमले नव्हते. त्याचे अर्ध्या तासात झाले, आणि पाहिल्यावर ती कशी चालत असेल हेही कळत होते.

"कमरेला गाठ एकच आहे," तो म्हणाला. "कामकऱ्यांना दोन आहेत. तू पाहिलंस?"

मी पाहिले नव्हते.

"चिठ्ठीवर काय लिहिलंस?"

"जात, गाव, तारीख. संग्राहक."

"आणि दिवस?"

"रविवार?"

"मुक्कामाचा आठवा दिवस. ते नको लिहायला? चोवीस ऑगस्टला हिचं पोट निम्म्याहून लहान होतं. बसल्यावर फुगलं. म्हणजे बसतात ते अंड्यांसाठी बसत असतील. ते लिहिलं नाही तर तिथे पाहणाऱ्याला वाटेल ही नेहमीच अशी असते." त्याने नळी माझ्या हातात दिली. "लिही. माझं नाव घालू नकोस मात्र. मी मारलेली नाही."

मी त्याच कठड्यावर बसून दुसरी चिठ्ठी लिहिली. मुक्कामाचा आठवा दिवस. संग्राहक: शा. पाटील. पहिल्यांदाच ते नाव लिहिताना मला वाटले की ते अगदी बरोबर आहे.

हीराबाई बांधावरून ओरडल्या, "आल्या का रे?"

"नाही आई," प्रेमचंद म्हणाला. "राख राहू दे."

कलकत्त्याचे उत्तर नोव्हेंबरात आले, चांगले दीड पान. राणीबद्दल एक ओळ: पोहोचली, सुस्थितीत आहे. बाकी सगळे दीड पान चिठ्ठीवरच्या त्या तीन शब्दांबद्दल. मुक्काम म्हणजे काय, आठवा दिवस कशावरून ठरवला, आधीच्या व नंतरच्या नोंदी आहेत का, असल्यास संपूर्ण पाठवाव्यात, आणि निरीक्षण करणाऱ्याने ते पुढे चालू ठेवावे अशी आग्रहाची विनंती. मी ते तीनदा वाचले. माझे कौतुक कुठे सापडते का, हेच मी तिन्ही वेळा शोधत होतो.

रविवारी पत्र घेऊन सावद्याला गेलो. स्पिरिट नेले नव्हते. प्रेमचंद बागेत नव्हता. सुपडूने यावलच्या रस्त्याकडे बोट केले. "तठी नवं वऱ्हाड निघालं. म्याच दाखोलं त्याले. मास्तर, बाटली आणली काय?"

"नाही."

"मंग जा."

ओढ्याच्या काठी प्रेमचंद गुडघ्यांवर बसला होता, शेजारी बांबूच्या कोऱ्या खुंट्या. मी पत्र दिले. त्याने वाचले, घडी घालून वहीत ठेवले, आणि माझ्याकडे न पाहता हातोडी पुढे केली.

"पहिली तू ठोक."

मी ठोकली. जमीन कडक होती. खुंटी जराशी वाकडी बसली. प्रेमचंदने ती पाहिली, उपटली, आणि दोन घावांत सरळ ठोकली.